पट्ट्यातला स्तूप

पाच मे एकोणीसशे पंच्याऐंशी, रविवार. काम: घराचा पाया खोदणे. तारीख पक्की आठवते, कारण आदल्या दिवशी बुद्धपौर्णिमा होती आणि उरलेली खीर माय, बाबा आणि मी अशा आम्ही तिघांनी सकाळी पट्ट्यावर उभ्याउभ्या खाऊन संपवली. शिळी आणि जराशी आंबूस झाली होती. माय म्हणाली, टाकण्यापेक्षा पोटात गेलेली बरी, खोदायला जोर येईल. त्या वर्षाच्या बाकीच्या तारखा मला विचारू नयेत. मी परीक्षा देऊन घरी बसले होते, आणि रिकामं बसलेलं माणूस घमेलं उचलायला मोकळं असतं, अशी आमच्याकडची रीत होती.

पट्टा म्हणजे सरकारनं बेघरांना वाटलेला जमिनीचा तुकडा. आमचा तुकडा पांढुर्ण्याच्या खालच्या अंगाला, जाम नदीच्या वळणावर होता. समोर नदी, नदीपलीकडे सावरगावची शेतं. माझ्या बाबांच्या नावावर त्याआधी सायकलसुद्धा नव्हती, ती मामाच्या नावावर होती. बाबा नगरपालिकेत वॉलमन होते. पहाटे उठून चाव्या फिरवायचे आणि अर्ध्या गावाच्या नळांना पाणी सोडायचे. आमच्या वस्तीत नळ नव्हता. पट्ट्याचा कागद मिळाला त्या दिवशी त्यांनी तो शर्टाच्या खिशात घालून ड्युटी केली, आणि घामानं त्यावरचा शिक्का निळा पसरला. माय म्हणाली, आता हा कागद तुमच्या अंगाला चिकटला, जमीन कुठं जाणार नाही.

घाईचं कारण मामी. मागच्या पावसाळ्यात आमची मातीची भिंत बसली, तेव्हापासून आम्ही मामाच्या सपरीत राहत होतो. सपरी म्हणजे घराला पुढून टेकवलेलं टिनाचं छप्पर, तीन बाजूंनी उघडं. मामी वाईट नव्हती, पण तिचं मन कसं आहे ते भांड्यांवरून कळायचं. सकाळी ती राखेनं भांडी घासायला बसली की मी अंथरुणातच ऐकायची: आवाज हलका असेल तर दिवस बरा, परात आपटली तर आज मायनं तिच्या चुलीकडं फिरकायचं नाही. मायनं सपरीच्या कोपऱ्यात वेगळी चूल मांडली होती. कापसाच्या पऱ्हाटीच्या काड्यांचा धूर नेमका मामीच्या खोलीत जायचा. मग मामी खोकायची, जरुरीपेक्षा जास्त. माय भाकरी थापता थापता तव्याशी बोलल्यासारखं म्हणायची की मृग लागायच्या आत मी इथून नाही गेली तर मले सांगा. ज्वारीची भाकर, मिरच्यांचा ठेचा, बाजाराच्या दिवशी सुक्या झिंग्यांची चटणी, असं आमचं जेवण होतं. झिंगे भाजले की मामीचा खोकला बंद व्हायचा आणि ती वाटी घेऊन यायची.

तर पाया. बाबांच्या हातात सब्बल, म्हणजे पहार, मायच्या हातात फावडं, माझ्याकडं घमेलं. बाबा खूश होते, कारण सब्बल सहज आत जात होती. "पाह्य कशी लोण्यावानी माती हाय," ते म्हणाले. "खडक नाही, गोटा नाही. नशिबाची जमीन भेटली." खरंच, एवढी मऊ माती मी पाहिली नव्हती. वर काळा थर, त्याखाली पिवळसर, चाळून टाकल्यासारखा बारीक, हातात घेतला की बोटांमधून निसटणारा. दुपारपर्यंत बाबा कमरेएवढे आत गेले. मग मातीचा रंग राखाडी झाला, कोळशाचे तुकडे येऊ लागले, काळ्या-तांबड्या खापऱ्या येऊ लागल्या, आणि खड्ड्याच्या एका बाजूला भाजलेल्या लाल मातीची गोल कड दिसली. अर्धी खड्ड्यात आणि अर्धी भिंतीत.

माय म्हणाली, काढून फेका आणि पुढं खोदा. बाबांनी सब्बल बाजूला ठेवली. त्यांनी त्या गोल कडेवरून हात फिरवला आणि मला मधुकरकाकाला बोलवायला पाठवलं. माझ्या कपाळावर आठी पडली ती तेव्हाच.

मधुकरकाका म्हणजे बाबांचे चुलतभाऊ, वस्तीच्या मंडळाचे अध्यक्ष. त्यांचा आवाज लाउडस्पीकर नसतानाही सावरगावला जायचा. ते एकदा सहलीच्या बसनं सांचीला जाऊन आले होते, आणि त्या एका दिवसाच्या जोरावर वस्तीत इतिहासाचा शेवटचा शब्द त्यांचा होता. ते खड्ड्यात उतरले, कडेसमोर बसले, चष्मा पुसला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. काका गप्प राहिले म्हणजे काहीतरी मोठं येणार, हे आम्हाला ठाऊक होतं.

"स्तूप हाय," ते म्हणाले.

माय फावड्याला टेकून उभी होती. "सांचीचा केवढा हाय, भाऊजी?"

"लय मोठा. डोंगराएवढा."

"अन् हा माया परातीएवढा."

"वहिनी, हे वरचं टोक हाय. खाली पसरला असन."

गोल दिसलं की स्तूप, ही चूक आमचीच माणसं करू शकत होती. दुसऱ्या कुठल्या वस्तीत ती गोल कड निघाली असती, तर कोणी तिला सोन्याचा हंडा म्हटलं असतं आणि रात्रीतून खणून नेलं असतं. आमच्याकडं संध्याकाळपर्यंत खड्ड्याशेजारी पंचरंगी ध्वज लागला. बायका मेणबत्त्या घेऊन आल्या, वंदना झाली. बाबा सर्वांना खड्डा कसा खोदला ते सांगत होते, आणि दर वेळी सांगताना सब्बल थोडी आधी थांबत होती. मग त्यांनी सर्वांसमोर जाहीर केलं की पट्टा विहाराला देऊन टाकू.

"अन् आपुन कुठी राहू?" मायनं विचारलं. "स्तुपात?"

लोक हसले. माय हसली नाही.

त्यानंतरचे दिवस माझ्या दृष्टीनं फक्त चहाचे. सौंसरहून माणसं आली, लोधीखेड्याहून आली, एक जण तर नागपूरहून मुलाला दाखवायला आला. पट्ट्यावर यायचे, हात जोडायचे, आणि मग काका त्यांना मामाच्या सपरीत आणायचे, कारण स्तुपाचे मालक तिथं राहत होते. दूध मामीचं, साखर आमची, कप शेजारचे. मामीची परात दिवसभर आपटत होती. आकाश अजून कोरडं होतं, पण गरम वारा सुटून बंद झाला होता, आणि पाऊस जवळ आला हे गवंड्यापासून गुराख्यापर्यंत प्रत्येकाला माहीत होतं. आमचा पाया मात्र एका बाजूनं खोदलेला आणि तीन बाजूंनी नुसता आखलेला, वर ध्वज. माय दर संध्याकाळी जाऊन बघून यायची आणि आल्यावर पीठ मळायची. त्या पिठाचे हाल बघवत नव्हते.

आज मला हे थोडं वेगळं दिसतं, ते सांगून टाकते. आमच्या म्हाताऱ्यांना जन्मभर ऐकवलं गेलं होतं की तुम्ही गावाबाहेरचे. गावाच्या उंच जागा दुसऱ्यांच्या, देवळं दुसऱ्यांची, पाणवठा दुसऱ्यांचा. त्यांना जमिनीखालून एक गोल कड वर येऊन सांगत होती की तुमची माणसं इथं आधीपासून होती. वस्तीतली सर्वांत म्हातारी सरूबाई खड्ड्याच्या काठावर बसून रडली. मी तिला चहा दिला आणि मनात म्हटलं, हा कितवा कप. तेव्हा मी अशीच होते. फार बदलले असंही नाही.

काकांनी नागपूरला निरोप पाठवला होता. त्यांच्या ओळखीतल्या एकाचा मुलगा तिकडं कॉलेजात होता, त्याच्या मार्फत एक मॅडम आल्या. त्या तशाही जाम नदीच्या काठाकाठानं हिंडत होत्या, दरडींमधले मातीचे थर बघत. पन्नाशीच्या, कॅनव्हासचे बूट, साडीचा पदर कमरेला खोचलेला, डोक्यावर टोपी, सोबत दोन विद्यार्थी. काकांनी हार आणून ठेवला होता. मॅडम हाराकडं न बघता खड्ड्यात उतरल्या, पिशवीतून गवंड्याची असते तशी छोटी थापी काढली आणि भिंत तासायला लागल्या. मग बाटलीतून पाण्याचा फवारा मारला. ओली झाल्याबरोबर भिंत नीट दिसायला लागली. आम्ही इतके दिवस ज्या खड्ड्यात डोकावत होतो, त्यात एवढे पट्टे आहेत हे कोणी पाहिलंच नव्हतं. सगळे त्या गोल कडेकडंच बघत होते.

त्यांनी थापीच्या टोकानं भिंतीवर आडव्या रेघा ओढल्या. पिवळा गाळ. त्याखाली राख आणि खापऱ्या. त्याखाली पुन्हा पिवळा गाळ, हातभर जाड, त्यात एकही खापरी नाही. मग पुन्हा राख, आणि तिथंही भाजलेल्या मातीची गोल कड, वरच्या कडेच्या जवळजवळ सरळ खालीच. विद्यार्थ्यांनी आणखी थोडं खोदलं, तर खाली तिसरी निघाली. मॅडम खड्ड्याच्या काठावर येऊन बसल्या, पाणी प्यायल्या, आणि सरळ सांगितलं की या चुली आहेत. मोठ्या, जमिनीत बसवलेल्या, फार जुन्या, निदान दोन हजार वर्षांच्या तरी असाव्यात. माणसं इथं राहत होती, रांधत होती. नदीला पूर आला, सगळ्यावर गाळ बसला. माणसं निघून गेली. पुष्कळ वर्षांनी दुसरी आली, किंवा त्यांचीच नातवंडं, आणि त्याच जागी चूल मांडली. पुन्हा पूर. पुन्हा चूल. स्वच्छ, बारीक, खापरी नसलेली माती म्हणजे पाण्यानं आणलेली माती, आणि काळपट, राखेची, हाडकांची म्हणजे माणसांची. एवढंच वाचायचं असतं, बाकी सगळं मोजमाप.

मग त्यांनी पलीकडं बोट दाखवलं. सावरगावच्या दरडीतही तीच राखेची रेघ त्यांना दिसली होती, याच उंचीवर. म्हणजे त्या काळी नदी इथून वाहत नव्हती, शेतांच्या पलीकडून वाहत होती, आणि आमचा पट्टा आणि सावरगावची ती दरड एकाच गावात होती. नदी नंतर मधून शिरली. दरवर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी त्याच नदीच्या दोन काठांवरून दगड मारून एकमेकांची डोकी फोडणाऱ्यांना हे सांगून बघा. मी एकदा सांगितलं होतं. मला म्हणाले, मॅडम बाहेरच्या होत्या.

काकांच्या हातातला हार हळूहळू खाली येत होता. शेवटी ते म्हणाले, "तुम्हाले स्तूप नाही दिसला याचं मले नवल नाही वाटत, मॅडम. तुमच्या लोकाइले आजपर्यंत कुठी दिसला?"

मॅडमचं आडनाव सर्वांना ठाऊक होतं, त्यामुळं काका काय म्हणत होते तेही सर्वांना कळलं. मला काकांचा राग आला, पण त्यांचं म्हणणं हवेतून आलेलं नव्हतं, हेही मला माहीत होतं. मॅडम रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "स्तूप सापडला असता तर माझंच नाव झालं असतं, काका. मी कशाला लपवू?"

"मंग हे लोक कोण होते? आमचे का दुसऱ्याइचे?"

"चुलीवरून जात कळत नाही," मॅडम म्हणाल्या.

सरूबाई तोंडाला पदर लावून हसायला लागली. तिला काय सापडलं होतं कोण जाणे. काकांनी हार घडी करून पिशवीत ठेवला, फुलांच्या हाराची घडी कशी होते ते मी तेव्हाच पाहिलं, आणि ते चालू लागले.

माय खड्ड्यात उतरली, सगळ्यांत खालच्या कडेपासून वरच्या कडेपर्यंत एकदा बघितलं, आणि विचारलं, "मॅडम, नदी आणखी येईन का जी?"

मॅडम म्हणाल्या की केव्हा ते सांगता येत नाही. पुढच्या वर्षी येईल किंवा दोनशे वर्षं येणार नाही. पण ही जमीन नदीनंच आणून टाकली आहे, आणि नदी आपल्या जमिनीवर येते. मग म्हणाल्या, "मी असते तर इथं घर बांधलं नसतं."

बाबा शेजारीच उभे होते. त्या माणसाकडून एका दुपारी दोन गोष्टी गेल्या, स्तूप आणि जमीन. मॅडमना बसपर्यंत सोडायलाही ते गेले नाहीत.

पट्ट्याच्या वर, रस्त्यापलीकडं, बरड होती. मुरमाची उघडी जमीन, चराईची, जिथं गुरंही उभी राहायला तयार नव्हती. मायनं दुसऱ्याच दिवशी काकांना गाठलं. स्तूप नाही तर नाही, पण तुमचा आवाज तर शाबूत आहे, तो पटवाऱ्यापुढं लावा आणि पट्टा बदलून द्या. काका अजून दुखावलेले होते, तरी गेले. माय आणि मीही गेलो. पटवाऱ्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला की पट्टा जिथं आहे तिथंच आहे, दोन हजार वर्षांपूर्वीच्या पुराची नोंद त्याच्याकडं नाही. काका त्याच्यावर असे ओरडले की बाहेरचे चहावाले आत डोकावले, पण पट्ट्याचा नंबर काही बदलला नाही. बाहेर आल्यावर माय म्हणाली, मग आपण न विचारता बांधू. बरडावरून कोणी हाकलायला आलंच तर त्याला मुरूम खोदून बघायला सांगू.

खरं भांडण त्या संध्याकाळी झालं, सपरीत, मामी आत कान देऊन असताना. बाबांचं म्हणणं साधं होतं. आयुष्यात एकदा सरकारनं नाव लिहून जमीन दिली, ती सोडून बिनकागदाच्या खडकावर जायचं, म्हणजे पुन्हा बेघरच. उद्या कोणीही म्हणेल, उठा. मायचं म्हणणं त्याहून साधं होतं. तिची एक भिंत बसली होती, तीन बायकांच्या चुली तिनं गाळाखाली बघितल्या होत्या, आणि चौथी ती मांडणार नव्हती. बाबा म्हणाले, त्या काळी लोक अडाणी होते. माय म्हणाली, अडाणी असतील, पण तीनदा. दोघांचंही बरोबर होतं, आणि असं भांडण ऐकण्याएवढं वैतागाचं काम नाही. चुकणारा कोणी असला तर निदान बाजू घेता येते. शेवटी बाबा उठले, ड्युटीची लांब लोखंडी चावी खांद्यावर टाकली आणि म्हणाले, "बांध तुले जिथी बांधायचं तिथी. पाणी मी नाही आणून देणार." सगळ्या गावाला पाणी सोडणारा माणूस हे म्हणाला, तेव्हा आतून मामीसुद्धा खोकायची थांबली.

पुढं काय झालं ते वाचणाऱ्याला हवं असतं, म्हणून इथंच सांगते. घर बरडावरच झालं. कागद व्हायला पुष्कळ वर्षं लागली, आणि प्रत्येक पावसाळ्यात बाबा कोणीतरी उठवायला येईल म्हणून दाराकडं तोंड करून झोपायचे. खालच्या पट्ट्यांवर ज्यांनी घरं बांधली, त्यांच्याकडं नळ आधी आले, विजेचे खांब आधी आले, आता स्लॅबची घरं आहेत, एकाचा तर जिना संगमरवरी आहे. नदी अजून आलेली नाही. एकदा पट्ट्यांच्या कडेपर्यंत येऊन परत गेली. मायनं जन्मभर चढावरून पाणी वाहिलं, तिचे गुडघे त्यातच गेले, आणि बाबा प्रत्येक गुंडाला, म्हणजे घागरीला, मायला विचारायचे की आली का तुझी नदी. माय म्हणायची, येईन. ती गेली तेव्हाही आलेली नव्हती. लोक मला विचारतात, मग तुझी माय चुकली का? मी म्हणते, खड्डा खोदून बघा आणि तुम्हीच ठरवा. कोणी खोदत नाही. सगळ्यांनी फरशा बसवल्यात.

मुरूम कोरडा असला की सब्बल उसळते आणि हातांना झिणझिण्या आणते, म्हणून तो आधी भिजवून ठेवावा लागतो. त्या भांडणाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी दोन गुंड घेऊन नदीवर गेले. भरून वर येताना पट्ट्यावरून यावं लागायचं. बाबा ड्युटीवरून परस्पर तिथं आले होते. ध्वजाची काठी त्यांनी काढून बाजूला उभी केली होती आणि ते खड्डा बुजवत होते. सगळ्यांत खालच्या चुलीवर ते फावड्यानं माती टाकत नव्हते, ओंजळीनं टाकत होते. त्यांनी वर बघितलं, मी खाली बघितलं. गुंड जड होते, मी थांबले नाही. बरडावर चढून मायनं आखलेल्या रेघेवर दोन्ही गुंड ओतले. पाणी बघता बघता आत गेलं, दगड तसाच कोरडा. मी पुन्हा नदीकडं निघाले.